नाक फिरलं त्या साली

धानाची कापणी उरकत आली की आरमोरीच्या आमच्या बाजूला हवेचा रंगच बदलतो. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राईस मिल आहे. तिथे धान हौदात भिजवतात, वाफेवर शिजवतात आणि मग पटांगणात पसरतात. उसना तांदूळ असाच तयार होतो. त्या भिजल्या धानाचा आंबूस, कोंदट, दमट वास सगळ्या वस्तीवर गोधडीसारखा पसरतो. बाहेरगावचा पाहुणा खिशातून रुमाल काढतो. आम्ही काढत नाही. आमच्यासाठी त्या वासाचा अर्थ एवढाच, की दाणे घरात आले.

यंदाही धुराडं सुरू झालं. मी सकाळी अंगणात उभा राहिलो आणि जपून, अगदी थोडासा श्वास घेतला. नदीत उतरण्याआधी माणूस अंगठा बुडवून पाहतो, तसा. आत काय आलं ते तपासलं. आंबूस होतं. नुसतं आंबूस. त्यात दुसरं काही मिसळलेलं नव्हतं. मग छातीभर घेतला.

ही सवय मला त्या सालापासून लागली, आणि आता ती जाईल असं वाटत नाही.

माझं सगळं आयुष्य नाकावर गेलं. त्याच मिलमध्ये मी धान पारखायचं काम करायचो. शेतकरी पोती उतरवायचा, मी टोकदार नळी पोत्यात खुपसून मूठभर धान काढायचो, तळहातावर घ्यायचो आणि नाकाशी न्यायचो. ढिगात घाम सुटलेलं धान वेगळं कळायचं. पावसात भिजून वरून वाळवलेलं वेगळं कळायचं. दाताखाली दाणा फोडायचो तो केवळ खातरीसाठी. लोक म्हणायचे, भाऊच्या नाकाले फसवता येत नाई. मलाही तसंच वाटायचं.

करोनाच्या साथीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मला ताप आला. जिवावर बेतलं नाही, पण वास गेला. तेव्हा बऱ्याच जणांचा गेला होता, म्हणून घाबरलो नाही. काही दिवस जेवण कागद चावल्यासारखं लागायचं, एवढंच. मग श्रावणात एका दुपारी माझी बायको विमल वरणाला लसणाची फोडणी देत होती, आणि मला एकदम उमासा आला.

"विमल, वरणात पाल पडली वाटते."

तिने भांडं उजेडात नेलं, डावाने तळापासून ढवळलं, चार ठिकाणचं वरण वर काढून पाहिलं. मग चाखलं.

"काही नाई जी. चांगलं त हाय."

माझ्याच शब्दावर विश्वास ठेवून तिने ते सगळं वरण परसात नेऊन ओतलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच म्हणालो. तिने पुन्हा ढवळलं. तिसऱ्या दिवशी तिने ढवळलं नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

तो वास कसा होता हे मला आजही नीट सांगता येत नाही. कुजकं म्हणावं तर त्यात जळकंही होतं. जळकं म्हणावं तर ते ओलं होतं. टायर पेटवून मोरीच्या पाण्यात विझवावा, असं काहीतरी. आणि तो एकाच गोष्टीला नव्हता. कांदा, लसूण, कोथिंबीर, चहा, तळण, अंगाचा साबण, दात घासायची पेस्ट, या सगळ्यांना तोच एक वास. जगातल्या सगळ्या चांगल्या गोष्टींनी ठरवून एकच घाण अंगाला फासली होती. उलट शेणाला वास नव्हता, गटाराला नव्हता. मी गोठ्यात निवांत बसायचो आणि स्वयंपाकघरातून पळ काढायचो.

धानोऱ्याचा एक जुना स्नेही भेटायला आला. त्याने वाळवलेली मोहफुलं आणली होती. ज्या फुलांच्या वासाने चैत्रात अख्खं जंगल जागं होतं, ती पुडी मी त्याच्यासमोर उघडली आणि तोंडावर हात धरून बाहेर धावलो. परत आलो तेव्हा तो बिचारा पुडी बांधत होता. "जुनी झाली असन," तो म्हणाला. फुलं जुनी नव्हती.

आणि भात. भाताबद्दल लिहिताना अजूनही हात थांबतो. आमच्याकडे सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. भात शिजायला लागला आणि झाकणाखालून वाफ निघाली, की मला वाटायचं चुलीवर कुणीतरी मेलेलं काही उकळत ठेवलंय. घास तोंडात गेला तरी गळा बंद व्हायचा. जीभ त्याला ढकलून बाहेर काढायची. ती माझी जीभ नव्हतीच, एखाद्या हट्टी जनावराची होती. मी काकडी खायचो, केळी खायचो, थंड ताक प्यायचो. पायजम्याची नाडी दर थोड्या दिवसांनी आणखी आवळायचो. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, नाकाच्या शिरा दुखावल्यात, हळूहळू भरून येतील. कधी ते सांगता येत नाही.

मिलमध्ये तर माझी फजितीच झाली. शेतकरी मूठ पुढे करायचा, "पाहा भाऊ, कसं हाय?" आणि मी ती नाकाशी नेऊन श्वास रोखून धरायचो. कळत काहीच नव्हतं. दुसऱ्याच्या वर्षभराच्या पिकावर मी काय बोलणार होतो? शेठला मी स्वतःच जाऊन सांगितलं. त्याने मला वजनकाट्यावर बसायला सांगितलं. पण काटाही मिलच्या दारातच होता आणि हौदाची वाफ तिथे सरळ यायची. थोड्याच दिवसांत मी घरी बसलो.

दुःखात माणसं जवळ येतात. आजारात डोक्यावर हात ठेवतात. किळस मात्र माणसाला एकटं पाडते, कारण ती सहन करणाऱ्याचा चेहराच समोरच्याला लाथाडतो. मी काही न बोलता बसलेला असलो तरी माझ्या नाकपुड्या बोलायच्या. विमल पाणी घेऊन यायची आणि मी नकळत मान वळवायचो. एकदा ती उंबऱ्यातच थांबली.

"माह्या अंगाचा बी येते का?"

"नाई," मी म्हणालो.

तिने पेला खाली ठेवला आणि गेली. खरं तर तिच्या डोक्याच्या तेलाचा यायचा. मी कधी बोललो नाही, तिनेही पुन्हा विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिने तेल लावणं सोडलं. जन्मभर चापून बसवलेले तिचे केस महिनाभरात वाळल्या गवतासारखे उभे राहिले.

त्या काळात मुलगा आणि सून पुण्याहून येऊन घरीच राहत होते. दोघांचं काम कॉम्प्युटरवरचं, कुठूनही चालणारं. सून, स्नेहल, मूळची राजुऱ्याची, कोळसाखाणींच्या मुलखातली. बोलायला मोकळी, कामाला हुशार. येताना ती एक छोटी विजेची भट्टी आणि एक पिशवी पीठ घेऊन आली होती. तिला पुण्यात सकाळी एक प्रकारचा पाव खायची सवय लागली होती. तो ती स्वतःच घरी करायची.

"हे काय हाय?" विमलने पिशवीत बोट घालत विचारलं.

"रायचं पीठ आहे, आई."

"राईचं? म्हन्जे मोहरीचं? अन् त्याची भाकर करतेत?"

"मोहरी नाही हो, आई. राय म्हणून एक धान्य असतं, थंड मुलखात पिकतं. गव्हाचंच भावंड, पण काळपट."

विमलने चिमूटभर नाकाशी नेलं आणि लगेच झटकलं. "ओल्या पोत्यावानी घानते."

स्नेहलने परातीत ते पीठ घेतलं, त्यात थोडी कणीक, मीठ, खायचा सोडा, गुळाचा खडा कुस्करून, आणि वरून जवस, तीळ, भोपळ्याच्या सोललेल्या बिया. मग आंबट ताक ओतलं. पीठ फसफसलं. तिने ते हाताने भराभर ओढून त्याचा गोळा केला. गोळा कसला, चिखलच. बोटांना चिकटलेला, करडा, बियांनी भरलेला. सारवायला घेतलेल्या शेणात कडबा असावा तसा दिसत होता.

"मळत नाईस का?" विमलला राहवेना.

"मळायचं नसतं याला. सोड्याला ताक लागलं की लगेच भट्टीत टाकायचं. उशीर झाला तर दगड होतो."

"आत्ताच दगड दिसून राह्यला तो."

स्नेहल हसली. "कोळशाच्या गावची आहे मी, आई. आमच्याकडे वाळत घातलेला पांढरा कपडाही काळा होतो. काळं मला चालतं." तिने गोळ्यावर सुरीने खोल फुली मारली आणि भट्टीचं दार लावलं.

तो भाजायला लागला तसा मी घरातून निघालो तो थेट शेताच्या बांधावर जाऊन बसलो. भाजण्याचा वास माझा सगळ्यात मोठा शत्रू होता. संध्याकाळी आलो तेव्हा पाव तयार होता. स्नेहलने तो उलटा करून बोटांनी वाजवून दाखवला. पोकळ लाकडावर टकटक करावी तसा आवाज आला. "असा वाजला म्हणजे आतून झाला," ती म्हणाली. मी दुरूनच मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याच्या पातळ कापा काढल्या. थंड, काळ्या, ओलसर. एक माझ्यासमोर धरली. "बाबा, फक्त वास घेऊन पाहा. नाही जमलं तर राहू द्या."

मी वास घेतला. काहीच आलं नाही. पुन्हा घेतला. टायर नाही, मोरी नाही, काही नाही. तुकडा तोडून तोंडात टाकला. जिभेला आंबटपणा लागला, जवस दाताखाली कुटकुटला, आणि घास मुकाट्याने खाली उतरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुठलाही घास भांडण न करता उतरला होता. मी ती काप संपवली, दुसरी घेतली, तिसरी घेतली. चव चांगली होती असं मी म्हणणार नाही. पण त्या पावाने माझ्याशी वैर धरलं नव्हतं. असं का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

मुलगा आणि स्नेहल माझ्याकडे पाहत होते. दोघांच्या चेहऱ्यावर आनंद होता. विमलने चुलीवर भाताचं आधण ठेवलं होतं. तिने लाकडं ओढून विस्तव मागे घेतला आणि परसात निघून गेली.

मला ते आज नीट समजतं. जिच्या हातचं मी लग्नापासून खाल्लं, तिचं वरण मी ओकून टाकायचो आणि कालच्या पोरीच्या हातचा करडा चिखल मिटक्या मारत खायचो. त्यात कुणाचीच चूक नव्हती, आणि म्हणूनच कुणावर रागावताही येत नव्हतं. विमल स्नेहलशी वाकडी वागली नाही. पण पाव झाला की ती परात स्वतः घासायला घ्यायची आणि राखेने इतकी घासायची, जणू त्यात विंचू वाटला होता.

दिवाळीनंतर मुलाला पुण्याला परत बोलावलं. जाताना स्नेहलने भट्टी मागे ठेवली, पिठाच्या पिशव्या मागवून दिल्या, आणि विमलला पाव करायची रीत सांगू लागली. विमल ऐकत नाही असंच मला वाटलं. ती तांदूळ निवडत होती, मान वरही करत नव्हती.

ते गेले आणि पाव संपला. मी पुन्हा काकडीवर आलो. दोन दिवस विमलने पाहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने परात घेतली. वीज नव्हती, भट्टी बंद. ती म्हणाली, "वीज कायले पाह्यजे? रोडगे का विजेवर भाजतेत?" तिने गोवऱ्या पेटवल्या, निखारे होऊ दिले, जाड बुडाच्या गंजात गोळा ठेवला, झाकण लावलं आणि झाकणावरही निखारे रचले. करताना तिने तोंड पूर्ण बाजूला वळवलं होतं. हात परातीत आणि चेहरा भिंतीकडे.

"हात धुतले तरी चिकटा जात नाई याचा. शी! हे अन्न हाय?"

"मंग नको करू."

"अन् तुमी मरा?"

खालून थोडा करपला, पण वाजला पोकळ. तेव्हापासून ती करत राहिली, भिंतीकडे पाहत. आमच्या घरात तेव्हा दोन चुली होत्या म्हणा ना. तिच्या भाताने मला मळमळायचं, माझ्या पावाने तिला. दोघं जेवायला बसायचो आणि एकमेकांच्या ताटाकडे न पाहण्याची काळजी घ्यायचो.

अशात नव्याचं जेवण आलं. नवं धान कांडून घरी आलं की आमच्याकडे त्याचा पहिला भात देवापुढे ठेवतात आणि भाऊबंदांना जेवू घालतात. रीत अशी, की घरातल्या मोठ्याने पहिला घास घ्यायचा, मग बाकीच्यांनी. विमलचे मोठे भाऊ नामदेवभाऊ आले होते, आणखी चारपाच घरची माणसं होती. पळसाच्या पत्रावळी मांडल्या. विमलने सगळ्यांना भात वाढला. पांढरा, मऊ, वाफाळता. ती वाफ सरळ माझ्या तोंडावर आली.

सगळे हात आवरून माझ्याकडे पाहत होते. मी शितं बोटांत घेतली. ओठांपर्यंत नेली. मग काय झालं ते मला कळलं नाही, इतकं कळलं की मी परसात भिंतीला धरून वाकलो होतो आणि आतून रिकाम्या पोटाचं कडू पाणी येत होतं.

तोंड धुऊन परत आलो. पंगत तशीच बसलेली. नामदेवभाऊ खाली पाहत म्हणाले, "भाऊजी, बिमारी हाय, समजते. पन नव्या भाताले असं करत नाई. लक्ष्मी हाय ते. एक शीत त घ्या."

"नाई होत भाऊ," मी म्हणालो.

"एक शीत."

विमल वाढायचं भांडं घेऊन उभी होती. तिने ते खाली ठेवलं.

"दादा, त्यायले नाई होत म्हन्ते न. तुमी पाह्यलं नं आत्ता?"

"रीत हाय बाई. मोठ्यानं घेतल्याबिगर कसं जेवाचं?"

"रोवना मीच केला, कापनी मीच केली. चिखलात मी होती. मंग लक्ष्मी मले वळखत नाई का?" तिने माझी पत्रावळ उचलली आणि माझ्या शेजारी मांडी घातली. पंगतीत, पुरुषांच्या ओळीत. भाताचा घास केला आणि सगळ्यांदेखत खाल्ला. सावकाश चावला. मग पदराखालून पावाच्या दोन कापा काढून माझ्यापुढे टाकल्या. "घ्या. तुमी तुमचं काळं खा."

नामदेवभाऊंनी क्षणभर बहिणीकडे पाहिलं, आणि हात भातात घातला. मग सगळेच जेवले.

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. आत जायची हिंमत नव्हती. मी काही म्हणायच्या आधीच ती खरकटं काढता काढता म्हणाली, "तुमच्यासाठी नाई केलं. भात निवून राह्यला होता."

आज नाक बरंचसं परत आलंय. भात मी जेवतो. कांद्याचं अजून जमत नाही, लसूण कधी मित्र, कधी वैरी. विमल पुन्हा तेल लावते. स्नेहल फोनवर विचारते, बाबा, पीठ पाठवू का? मी नको म्हणतो. कारण मध्यंतरी तिने पाठवलेल्या पावाचा मला खराखुरा वास आला, आणि विमलचंच बरोबर होतं. ओल्या पोत्यासारखाच येतो. ज्याने मला जगवलं ते मला आवडत नाही, हे बोलायला बरं वाटत नाही, पण आहे तसं आहे.

लोक विचारतात, वास परत आला हे पहिल्यांदा कधी कळलं? त्यांना वाटतं मी एखाद्या फुलाचं नाव घेईन.

पौषातली सकाळ होती. थंडी चांगलीच पडली होती. धान ठेवतो त्या खोलीचं दार मी बऱ्याच दिवसांनी उघडलं. आत बांबूची कणगी, कोपऱ्यात रिकामी पोती. दार उघडताच घाणीचा एक लोट अंगावर आला. मी सवयीने मागे सरलो. सगळीकडे येते तीच, असं म्हणून परत फिरणार होतो, पण पाय थांबले. ही ती नव्हती. तिच्यात टायर नव्हता. ही गोडसर होती, जाड होती, तिला एक दिशा होती. कणगीच्या मागच्या बाजूने येत होती.

विमल मागून आली आणि उंबऱ्यातच थबकली. पदर नाकाला लावला.

"शीऽऽ! काय मेलं वो इथी?"

मी वळलो. "तुले बी येते?"

"येते म्हन्जे? उभं राहवत नाई."

"कसा येते? सांग मले."

"मेल्या उंदराचा येते, आनखी कसा येईन? कनगीमागं असन. व्हा बाजूले, काठी आनते मी."

मी बाजूला झालो नाही. तिथेच उभा राहून तो वास पुन्हा ओढला, अगदी पोटापर्यंत. घाण होती. भयंकर होती. पण ती जशी असायला हवी तशीच होती, आणि विमलच्या नाकात जशी होती तशीच माझ्याही नाकात होती. कित्येक महिन्यांनी आम्हा दोघांना एकाच गोष्टीची किळस येत होती.

"बाहेर या नं! काऊन उभे हा?"

"थांब. आनखी एकदा घेऊ दे."

ती माझ्याकडे पाहत राहिली. काठी आणायला गेली नाही. मग तिने नाकावरचा पदर हळूच खाली केला, तोंड वेडंवाकडं केलं, आणि माझ्या शेजारी उभी राहून तिनेही एक लांब श्वास घेतला.